खानदेशच्या उन्हात घर बांधायचंय : छत, पश्चिमेची भिंत, पाणी… सल्ला हवा

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही पाचोरा-भडगाव भागातले. गावालगतच्या लेआउटमध्ये ३० बाय ५० चा एनए प्लॉट घेतलाय. रस्ता पूर्वेला, ५० फुटांची बाजू पूर्व-पश्चिम. मागे, म्हणजे पश्चिमेला, कपाशीचं उघडं शेत. उत्तर-दक्षिणेचे प्लॉट अजून रिकामेच. घरात आई-नाना, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दिवाळीनंतर पाया खोदायचा विचार आहे.

एका इंजिनियरकडून नकाशा काढून घेतला. आरसीसी फ्रेम, बाहेरच्या भिंती सहा इंची, वर उघडा स्लॅब. पश्चिमेला मास्टर बेडरूम आणि तिला सहा फुटी सरकती काच, का तर मागे शेताचा व्ह्यू आहे. मी विचारलं, मे महिन्यात दुपारी चारला या खोलीत काय होईल? उत्तर आलं, "एसीचा पॉइंट दिलाय ना."

हे मला पटत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, नेमकी तेव्हाच लाइट जाते, आणि एसीत झोपलं की नानांचे सांधे धरतात. गावातलं आजोबांचं धाब्याचं घर अजून उभं आहे. भिंती दीड-दीड हात जाड. भर दुपारी माजघरात गेलं की बाहेर उन्हाळा चालू आहे हे विसरायला होतं. पण तिथे उजेड नाही, मृगाच्या आधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, खारी माती टाकायला माणूस मिळत नाही, आणि गळायला लागलं की घरभर पातेली मांडावी लागतात. तसंच घर पुन्हा बांधणं होणार नाही, हे मी धरूनच चाललोय.

वाळवंटातल्या घरांबद्दल बरंच वाचलं. जाड भिंती, लहान खिडक्या, मधे चौक, वारा आत ओढणारे मनोरे. यातलं आपल्या खानदेशात काय चालेल आणि काय नाही? ज्यांनी असं घर बांधलंय, किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कृपया लिहावं.

मुरूमखडक

मी धुळ्याचा, घरांचे नकाशे काढणं हाच माझा धंदा. प्लॉटची दिशा चांगली मिळालीय तुम्हाला, अरुंद बाजू पश्चिमेला आली. आधी सूर्य समजून घ्या, बाकीचं त्याच्या मागून येतं.

आपण २१ अक्षांशाच्या आसपास राहतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, जूनमध्ये तो किंचित उत्तरेकडे झुकतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. डिसेंबरअखेरीस मात्र दुपारी बाराला तो दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत तुम्हाला फारसा त्रास देत नाही, दोन फुटी छज्जा तिला पुरतो. थंडीत त्याच छज्ज्याखालून ऊन आत येतं, आणि ते आपल्याला हवंच असतं.

घर तापवतात त्या गोष्टी दोन. पहिलं छत, कारण उन्हाळ्यात सकाळी नऊपासून चारपर्यंत सूर्य वरूनच भाजतो. दुसरी पश्चिमेची भिंत, कारण चारचं तिरपं ऊन सरळ तिच्या अंगावर येतं, तेही हवा सगळ्यात जास्त तापलेली असताना. पूर्वेलाही तेवढंच ऊन पडतं, पण तेव्हा घरात रात्रीचा गारवा शिल्लक असतो.

तेव्हा पश्चिमेची बेडरूम आजच रद्द करा. तिथे जिना, न्हाणी, संडास, धान्याची कोठी असं काहीतरी घाला. दिवसभरात कोणी तासभर बसत नाही अशा खोल्यांची ही दुहेरी भिंत समजा. शेत बघायचं असेल तर तिकडे पडवी काढा, संध्याकाळी सहानंतर तीच घरातली उत्तम जागा ठरेल. जाड भिंती, चौक वगैरेंवर खर्च करण्याआधी पैसा छतावर आणि सावलीवर घाला.

केळीबाग

वरच्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या रावेर-यावलकडे केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतात, नाहीतर हिरवी नेट तरी बांधतात. उन्हाळी झळा त्याच बाजूने येतात आणि पानं फाडून टाकतात. पिकासाठी आपण हे पिढ्यानपिढ्या करतोय. घराच्या पश्चिमेला मात्र काच बसवतो.

भुसावळची_उन्हं

छताबद्दल माझ्याकडून थोडं. स्लॅबचं खरं रूप दुपारी नाही, रात्री नऊनंतर कळतं. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि तीन-चार तासांनी ते खोलीत सोडायला लागतं. बाहेर वारा गार झालेला असतो आणि आत पंखा लावला की छताजवळची गरम हवाच तो आपल्या अंगावर टाकतो. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या प्रत्येक भुसावळकराला हे ठाऊक आहे.

आमच्या गच्चीवर चायना मोझॅक केलंय, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. एप्रिलमध्ये दुपारी तीनला त्यावर अनवाणी चालता येतं. मधे कठडा आहे, पलीकडे शेजाऱ्यांची सिमेंटची काळपट गच्ची, तिथे पाऊल टेकवत नाही. दोन्ही गच्च्या एकाच काळात बांधलेल्या, फरक फक्त रंगाचा.

रेल्वेचे जुने बंगले पाहिलेत का इथले? उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा, भिंतीवर थेट ऊन पडूच द्यायचं नाही. त्या काळी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायचे. नवीन क्वार्टरपेक्षा ते बंगले आजही सुसह्य आहेत.

मुरूमखडक

भुसावळकरांनी बरोबर सांगितलं. त्यात थोडी भर. पांढरं छत ऊन परत फेकतं, पण रंग धुळीने मळतो, दरवर्षी धुवावा लागतो. नवीन घर बांधताय तर स्लॅबच्या वर इन्सुलेशनचा थर घालून घ्या. क्रम असा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग ५० मिलिमीटरचे एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या दाट फोमचे, ताव, वर उताराचा कोबा आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक.

हिशेब बघा. छतातून उष्णता किती वेगाने आत येते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं, आकडा जितका लहान तितकं घर गार. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छताची मर्यादा १.२ ठेवलीय. उघडा स्लॅब ३ च्या वर जातो. वर सांगितलेला थर घातला की आकडा ०.५ च्या आसपास येतो. म्हणजे छतातून येणारा ताप सहाव्या-सातव्या हिश्शावर.

आणि एक विनंती. खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घर गार होतं असं कोणी सांगितलं तर भुलू नका. स्लॅब वर तापतच राहतो आणि खोलीची उंची मात्र फूटभर जाते. थर घालायचा तो वरूनच. तापलेलं काँक्रीट घराच्या बाहेर राहिलं पाहिजे.

मरुधर

मी मूळचा चोपड्याचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं जोधपूर-जैसलमेरकडे. मूळ प्रश्न वाळवंटी घराचा आहे म्हणून लिहितो.

जैसलमेरच्या हवेल्या बघून लोक म्हणतात, पिवळा दगड आणि जाळ्या, म्हणून गार. दगड आहेच, पण तिथली खरी करामत गल्ल्यांची आहे. घराला घर चिकटलेलं, दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. गल्ली इतकी अरुंद की ऊन जमिनीपर्यंत पोचायच्या आत दुपार टळते. ऊन लागायला उरतं काय, तर छत आणि पुढचा दर्शनी भाग, त्यालाही झरोक्यांची आणि नक्षीची सावली. आपल्या जुन्या गावातल्या गल्ल्याही अशाच होत्या. तुमचा प्लॉट चारही बाजूंनी मोकळा. म्हणजे हवेलीचा दगड आणता येईल, तिची सावली आणता येणार नाही. ती तुम्हाला छज्जे, पडवी आणि झाडांतून उभी करावी लागेल.

इराणमध्ये यज्दचे वाऱ्याचे मनोरे प्रसिद्ध आहेत. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फतही यांनी १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांचं, घुमटांचं आणि चौकांचं बांधलं. ते सगळं बघण्यासारखं आहे, मनापासून आवडतं मला. पण ते घर जसंच्या तसं उचलून गिरणाकाठी ठेवू नका. मे महिन्यात जोधपूर आणि जळगाव, दिवस काय आणि रात्र काय, जवळपास सारखेच. फरक पडतो जूननंतर. जैसलमेरला वर्षभरात २०० मिलिमीटरही पाऊस नाही, तुमच्याकडे ७०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या घराला जुलै ते सप्टेंबर दमट हवेत जगायचं आहे. लहान खिडक्यांचं, सगळीकडून बंद मातीचं घर तेव्हा घामाने भिजवेल आणि कपाटात बुरशी आणेल.

तेव्हा माझं मत असं, की खिडक्या मोठ्याच ठेवा, समोरासमोर ठेवा, पण काचेबाहेर लाकडी किंवा फायबरच्या झडपा लावा. मे महिन्यात सकाळी आठला झडपा बंद, संध्याकाळी सातनंतर सताड उघड्या. जुलैत दिवसभर उघड्या. एकच घर दोन ऋतूंना पुरलं पाहिजे.

गिरणाकाठ

मरुधर दादा, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सगळे लेख मे महिन्यावरच थांबतात. झडपा काचेच्या बाहेरूनच का? आतून जाड पडदे लावले तर?

मरुधर

काच ओलांडून ऊन एकदा आत आलं की ते घरातच अडकतं, पडदा मग तापून खोलीत हीटरसारखा बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. बांबूची चिक लावली तरी चालेल, पण बाहेरून.

माती_आणि_माणूस

सगळे सिमेंटच्याच चौकटीत बोलताय. मातीच्या घरालाही न्याय द्या. दाबलेल्या मातीच्या विटा मिळतात, त्यात पाच-सात टक्के सिमेंट असतं, भट्टी लागत नाही, लाकूड-कोळसा जळत नाही. वीट जागेवरच पाडता येते. शाश्वत घर म्हणायचं आणि भट्टीची वीट वापरायची, याचा मेळ कसा घालणार?

मुरूमखडक

मातीवर माझंही प्रेम आहे. पण त्यांच्या प्लॉटला लागून कपाशी आहे, म्हणजे खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीची वीट टिकत नाही. दाबलेल्या विटेला वाळूचा अंश जास्त असलेली मुरमाड माती लागते, ती दुरून आणायची तर वाहतुकीचा धूर आलाच. जवळ चांगली माती निघत असेल, मशीन आणि कारागीर मिळत असतील, तर जरूर करा. तापीचा पट्टा भूकंपाच्या दृष्टीनेही अगदी निर्धास्त नाही, म्हणून जोत्याला आणि दारांच्या वर आरसीसीचे पट्टे मात्र हवेतच.

आपल्याकडे सहज मिळणारी दुसरी वस्तू म्हणजे फ्लाय ॲशची वीट. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून राख निघतच राहते, तिची वीट करायला भट्टी लागत नाही. या विटेची नऊ इंची भिंत रॅट-ट्रॅप पद्धतीने रचली, म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवली, तर विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. गवंड्याला आधी एक लहान भिंत करून दाखवायला सांगा, जमलं तरच पुढे जा.

जाड भिंतीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. नऊ इंची विटेची भिंत उष्णता अडवत नाही, उशिरा सोडते. सहा-आठ तास उशिरा. पश्चिमेच्या भिंतीवर चारला पडलेलं ऊन रात्री अकरा-बाराला तुमच्या उशाशी येतं. आजोबांच्या घराची भिंत याहून दुप्पट जाड होती, तिला शेजारच्या घराची सावली होती आणि मंडळी रात्री धाब्यावर झोपत होती. तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. आपण फक्त भिंत घेतो आणि रात्री तिच्याशेजारीच झोपतो. म्हणून भिंतीला आधी सावली, मग जाडी. पश्चिमेला आठ इंची एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे, वापरले तरी चालतील. ते हलके असतात आणि उष्णता विटेपेक्षा बऱ्याच हळू वाहू देतात.

शेवंता

इतका वेळ वाचतेय, अजून कोणी स्वयंपाकघराचं नाव काढलं नाही. घरातली सगळ्यात गरम खोली तीच, आणि मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिथे उभी कोण असते? गिरणाकाठ भाऊ, तुमच्या नकाशात स्वयंपाकघर कुठे आहे ते आधी सांगा.

माझं ऐका, ते ईशान्येला किंवा उत्तरेला घ्या. ओटा असा, की संध्याकाळचं ऊन पाठीवर येऊ नये. ओट्यावर फक्त जाळी नको, ताकदीचा एक्झॉस्ट हवा आणि त्याच्या समोरच्या बाजूला हवा आत यायला खिडकी. हवा यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता गुरगुरतो. मागच्या दारी पत्र्याखाली नाही, कौलाखाली एक चूल ठेवा. खापरावरचे मांडे, हिवाळ्यात भरताची वांगी, पाण्याचा बंब, हे सगळं घराबाहेर गेलं की घरात तेवढा ताप कमी.

आणि गच्ची. एप्रिलमध्ये आम्हाला गच्ची लागते. बिबडे, कुरड्या, पापड, वर्षाची डाळ, मिरच्या. चायना मोझॅक यासाठीही चांगलं, धुवून पुसून लख्ख होतं. तिथे सोलर लावाल तर वाळवणाला ऊन कुठलं ठेवणार हे घरातल्या बाईला विचारून मगच लावा.

गिरणाकाठ

ताई, नकाशात स्वयंपाकघर नैर्ऋत्येला होतं. आईला आणि बायकोला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. दोघींचं म्हणणं, बाकी काही बदला नका बदलू, हे आधी बदला.

विजेचं_गणित

सोलरचा विषय निघालाच आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटमधून आपल्याकडे दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात. पंखे बीएलडीसी घ्या, साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. एक फ्रिज, दोन कूलर, पंखे, मोटर, सगळं त्यात भागतं. पण एक लक्षात ठेवा, नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं. दुपारच्या भारनियमनात पंखा-कूलर चालायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी घ्या.

पॅनेल आठ फुटांवर उंच उभे केले तर खाली सावली पडते, छताचं रक्षण होतं. मी तर म्हणेन सगळी गच्ची पॅनेलने झाका.

मुरूमखडक

इथे मी थोडा वेगळा विचार मांडतो. उन्हाळ्यात रात्री गच्ची गार का होते? कारण ती उघड्या आभाळाकडे उष्णता सोडते. मे महिन्यातलं आपलं आभाळ कोरडं आणि निरभ्र असतं, तेव्हा हे फार चांगलं होतं. वर पॅनेलचं छप्पर घातलं की दिवसा सावली मिळते खरी, पण रात्री त्याच पॅनेलखाली झोपणाऱ्याला आभाळाचा गारवा मिळत नाही. शिवाय पॅनेल तापले की वीजही कमी देतात, २५ अंशांच्या वर दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी. खालून वारा खेळला पाहिजे.

३ किलोवॅटला दोन-अडीचशे चौरस फूट लागतात. ते गच्चीच्या पश्चिमेच्या पट्ट्यात उंचावर घ्या, तोंड दक्षिणेकडे. दुपारनंतरची सावली गच्चीवर पडेल, पूर्वेचा भाग वाळवणाला आणि झोपायला मोकळा राहील. गच्चीवर झोपणं ही आपल्या हवामानाची सगळ्यात स्वस्त सोय आहे. ती नकाशात धरून चला: वर एक नळ, पाण्याच्या माठाला कोनाडा, मच्छरदाणी बांधायला चार खांब, कठडा छातीइतका, पण त्यात जाळीच्या विटा, म्हणजे वारा अडत नाही. आणि आई-नानांना चढता येईल असा जिना. सात इंची पायऱ्या नको, सहा इंची करा आणि दोन्ही बाजूंना कठडा द्या.

पांझराकाठी

पाण्यावर कोणीच बोललं नाही अजून. कूलरशिवाय आपलं भागत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कूलर खरोखर काम करतो. हवेत आर्द्रता १५ टक्के आणि बाहेर ४४ अंश असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर हवा २८-२९ पर्यंत आणू शकतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. जुलैत कूलर लावून काही होत नाही, तेव्हा फक्त पंखा आणि वारा.

पण मोठा कूलर दिवसभर चालला तर पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. ते आणायचं कुठून? आपल्या गावांमध्ये उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून छताचं पाणी साठवा. १,००० चौरस फूट छत, ७०० मिलिमीटर पाऊस, थोडं वाया गेलं तरी वर्षाला ५०,००० लिटरच्या वर पाणी मिळतं. सगळं साठवायची टाकी परवडत नाही. पार्किंगखाली १५-२० हजार लिटरची टाकी बांधा, तिचं पाणी उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवा, उरलेलं बोअरजवळच्या खड्ड्यात जिरवा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवाच, गच्चीची सगळी धूळ त्यात असते.

खानदेशाला हे नवीन नाही. बऱ्हाणपूर फारुकी राजांची राजधानी, आपल्या जुन्या खानदेशातलंच. तिथे मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला. सातपुड्याच्या पायथ्याचं जमिनीखालचं पाणी भुयारातून, नुसत्या उतारावर, शहरात आणलं. इराणी वाळवंटातली पद्धत ती, आपल्या जमिनीला लावून घेतली. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने वाटून घेण्याची सोय, तर शेतकऱ्यांनी स्वतः सांभाळली. अलीकडे शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून पाणी जिरवून दाखवलं. एका घराच्या छताचं पाणी अडवणं त्यामानाने काहीच नाही.

न्हाणीचं पाणी गटारात सोडू नका. पश्चिमेच्या पडवीपलीकडे कर्दळ, अळू, केळीचा वाफा करून त्यात सोडा. झाडं जगतात आणि पश्चिमेला हिरवी आडभिंत आपोआप उभी राहते.

भाड्याचं_घर

आमचं घर बांधून झालेलं आहे, स्लॅबचंच, आणि मालक काही करणार नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?

भुसावळची_उन्हं

गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात मारा, त्यात थोडं पांढरं सिमेंट घाला म्हणजे पहिल्या पावसात निघून जाणार नाही. पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी नेट, भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून. खर्च फार नाही. मालक याला नाही म्हणणार नाही.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन नकाशा काढायला दिलाय, तो असा.

पश्चिमेला जिना, न्हाणी, संडास, कोठी आणि त्यांच्या बाहेर आठ फुटी पडवी. आई-नानांची खोली खाली, आग्नेयेला, दक्षिणेला खिडकी आणि छज्जा. स्वयंपाकघर ईशान्येला, उत्तरेच्या मार्जिनमध्ये चूल. मधे दहा बाय दहाचा चौक घ्यायचा होता, पण जागा खूप जाते. त्याऐवजी जिन्याची टोपी, म्हणजे गच्चीवरची जिन्याची खोली, उंच घेऊन तिला वर झडपा ठेवतोय, म्हणजे रात्री गरम हवा तिथून निघून जाईल आणि खिडक्यांतून गार हवा आत येईल. तिथे एक मोठा एक्झॉस्टही बसवणार. छत मुरूमखडक सरांनी सांगितलं तसंच. टाकी पार्किंगखाली.

दोन शंका उरल्यात. एक, नानांना पश्चिमेला कडुनिंब हवाच आहे, काळ्या मातीत तो घरापासून किती लांब लावावा? दुसरं, जिन्याच्या टोपीच्या झडपा कोणत्या दिशेला ठेवू? गवंडी म्हणतो पश्चिमेला ठेवा, वारा तिकडूनच येतो.

केळीबाग

नानांना निंब लावू द्या. तीन-चार वर्षं तो लहान असेल तोवर पडवीजवळ शेवगा लावा, एका वर्षात सावली देतो. फांद्या कच्च्या असतात, पावसाळ्याआधी छाटून घ्यायच्या.

मुरूमखडक

निंबाची मुळं काळ्या मातीतलं पाणी ओढतात, माती एका बाजूने आक्रसते आणि पाया तिकडे बसतो. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, निदान तेवढं अंतर पायापासून असलेलं बरं. तुमच्या प्लॉटमध्ये ते मिळणार नाही. शेतमालकाशी बोलून बांधावर लावता आला तर उत्तम, सावली तिथूनही येईल. वड, पिंपळ, उंबर तर जवळपासही नको. पडवीच्या खांबांवर मधुमालती चढवा.

पायाबद्दल मागे राहिलं ते सांगतो. काळी माती किती खोल आहे ते खड्डा घेऊन बघा. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर पाया थेट मुरमावर घ्या. फार खोल असेल तर खाली फुगवटा असलेले पाइल आणि वर बीम, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरचा सल्ला घ्याच. घराभोवती तीन फुटी फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. न्हाणीच्या पाण्याचा वाफाही या फरसबंदीच्या पलीकडेच.

झडपा पूर्वेला ठेवा. वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो हे गवंड्याचं खरं आहे, आणि म्हणूनच तिथे नको. पश्चिमेच्या झडपेतून वारा आत घुसेल, गरम हवेला खाली दाबेल, आणि जुलैत पावसाची झड सरळ जिन्यावर येईल. वारा टोपीवरून पुढे गेला की तिच्या पूर्वेच्या बाजूला ओढ तयार होते, ती आतली हवा बाहेर खेचते. एक्झॉस्टही त्याच बाजूला बसवा, आणि झडपांना आतून जाळी लावा, नाहीतर पारवे घर करतात.